मॅरिलिथसमोर बोथट पडलेली तलवार: जादू आणि धातू यांच्या हिशेबाचे एक प्रकरण

प्रसंग असा आहे. नियम डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर खेळायच्या भूमिका-खेळाच्या 3.5 आवृत्तीचे, म्हणजे 2003 सालचे. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांचा गट, पंधराव्या लेव्हलची: फायटर (योद्धा), क्लेरिक (मंत्र टाकणारा पुजारी), विझर्ड (जादूगार) आणि तिरंदाज रेंजर. भुयाराच्या शेवटच्या दालनात मॅरिलिथ जातीची डीमन आहे. कमरेखाली नाग, वर सहा हात, प्रत्येक हातात लाँगसोर्ड. फायटरकडे पार्टीतली सर्वांत महागडी वस्तू आहे, ॲडमंटाइन या खास धातूची +2 फ्लेमिंग ग्रेटसोर्ड (+2 म्हणजे हल्ल्यात आणि नुकसानीत 2 ची जादूची भर, फ्लेमिंग म्हणजे पेटते पाते). तीन राउंड (लढाईच्या फेऱ्या) तो जागचा न हलता पूर्ण हल्ला करतो. वार बसतात, फासेही बरे पडतात, आणि तरी मॅरिलिथच्या 216 हिट पॉइंटांपैकी (जिवाच्या अंकांपैकी) त्याच्या हातून गेलेले असतात जेमतेम 75.

मग टेबलावर ठरलेला प्रश्न येतो: तलवार जादूची आहे, ॲडमंटाइनची आहे, वर पेटलेली आहे, मग लागत का नाही?

आधी ती तलवार किती पैशांची आहे ते बघू, कारण पुढचा सगळा हिशेब पैशांशी बांधलेला आहे. साधी ग्रेटसोर्ड 50 सोन्याची नाणी. ॲडमंटाइनचे 3,000, त्यात मास्टरवर्क (उत्तम घडण) आलेच. जादूची किंमत म्हणजे एकूण बोनसचा वर्ग गुणिले 2,000. इथे +2 आणि फ्लेमिंगचा +1 असे मिळून +3, म्हणजे 18,000. बेरीज 21,050.

एक वार, जवळून

फायटरची स्ट्रेंग्थ 24, बोनस +7. दोन्ही हातांनी धरलेल्या शस्त्राला तो दीडपट, म्हणजे 10. वेपन स्पेशलायझेशन हे फीट (पात्राने शिकलेले खास कसब) आणि त्याचे ग्रेटर रूप मिळून 4. तलवारीचे 2. दोन फाशांवर पडले 4 आणि 3. एकूण 23. आगीचा फासा वेगळा, त्यावर 5. खेळाडू मोठ्याने म्हणतो, "अठ्ठावीस!" डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, वहीत लिहितो, तेरा.

मॅरिलिथच्या नोंदीत दोन ओळी आहेत. पहिली: डॅमेज रिडक्शन 10/गुड आणि कोल्ड आयर्न. शस्त्र गुड (सत्प्रवृत्त) नसेल किंवा कोल्ड आयर्न या खास लोखंडाचे नसेल, तर प्रत्येक वारातून 10 वजा. 23 चे 13 झाले. दुसरी: फायर रेझिस्टन्स 10, म्हणजे आगीच्या नुकसानीतून 10 वजा. फ्लेमिंगचा 1डी6 (सहा बाजूंचा एक फासा) फार तर 6 देतो, म्हणजे ती आग तिला कधीच भाजणार नाही, आज नाही आणि शंभराव्या राउंडलाही नाही. फ्लेमिंगऐवजी फ्रॉस्ट असती तरी तेच, कारण थंडीलाही 10 आहे. शॉक असती तर विजेपासून ती पूर्ण सुरक्षित. डीमनांशी लढायचे ठरलेल्या पार्टीने या तीन जादूंवर पैसे घालवूच नयेत. ऊर्जेचे नुकसान डॅमेज रिडक्शनच्या खालून निसटते हे खरे, पण रेझिस्टन्सच्या दारात अडकते.

नियमाचा गाभा एवढाच आहे: 3.5 मध्ये जादूचे खाते वेगळे आणि धातूचे खाते वेगळे. एका खात्यातली शिल्लक दुसऱ्यात वळती होत नाही. +5 ची तलवार "10/मॅजिक" भेदते, "10/सिल्व्हर" भेदत नाही. ॲडमंटाइन हा धातू गोलेमचे (जादूने चालणाऱ्या पुतळ्याचे) कवच भेदतो आणि 20 पेक्षा कमी हार्डनेस (वस्तूचा कठीणपणा) नसल्यासारखा धरतो, पण डीमनच्या कातडीला त्याचे काही वाटत नाही. तिसरे खाते अलाइनमेंटचे, म्हणजे गुड-ईव्हिल अशा वृत्तीचे, तेही वेगळेच. "आणि" लिहिलेले असेल तर दोन्ही अटी एकाच वारात पुऱ्या व्हाव्या लागतात. एक पुरी केली म्हणून निम्मी सूट मिळत नाही.

हा गोंधळ कुठून येतो तेही सांगण्यासारखे आहे. 2000 सालच्या 3.0 आवृत्तीत राक्षसांच्या नोंदीत "/+1", "/+2", "/+3" असे आकडे असत आणि पुरेशा प्लसची तलवार त्यातून पार होई. ती सवय अनेक टेबलांवर 3.5 मध्येही तशीच राहिली. 2009 चा पाथफाइंडर हा भाऊबंद खेळ पुन्हा मधल्या वाटेने गेला: तिथे कायमचा +3 असेल तर शस्त्र कोल्ड आयर्न आणि सिल्व्हर धरले जाते, +4 ला ॲडमंटाइन, +5 ला अलाइनमेंट. एकाच टेबलावर दोन पुस्तकांतून शिकलेले खेळाडू बसले की वाद ठरलेलाच.

पहिला उपाय, जो चुकला

चौथ्या राउंडला क्लेरिकने अलाइन वेपन टाकले, त्याच पेटलेल्या तलवारीवर. दुसऱ्या लेव्हलचा मंत्र, शस्त्र गुड झाले. नुकसान तेवढेच राहिले, 13. समोर सक्युबस ही दुसरी डीमन असती तर हा मंत्र पुरला असता, कारण तिची ओळ आहे "10/कोल्ड आयर्न किंवा गुड". मॅरिलिथच्या ओळीत "आणि" आहे. एका शब्दापायी मंत्र आणि क्लेरिकची पूर्ण खेळी वाया गेली, म्हणून ही ओळ डीएमने शब्दशः वाचावी आणि खेळाडूंनी शब्दशः विचारावी.

ही माहिती आधी मिळवता येते. विझर्ड किंवा क्लेरिकने नॉलेज (द प्लेन्स) या ज्ञानाच्या कौशल्याचा फासा टाकावा. डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, 10 अधिक राक्षसाचे हिट डाइस (त्याच्या ताकदीची पातळी), मॅरिलिथचे 16, म्हणून 26. पार झाल्यावर एक उपयोगी गोष्ट कळते, आणि वरच्या प्रत्येक 5 ला आणखी एक. पंधराव्या लेव्हलच्या विझर्डला हे अवघड नाही, फक्त दार उघडण्याआधी फासा टाकायला हवा. डीएमच्या बाजूनेही एक कर्तव्य आहे. नियमातच म्हटले आहे की डॅमेज रिडक्शन म्हणजे कधी जाड कातडी, कधी क्षणात भरून येणारी जखम, पण दोन्हीत नेहमीचे वार चालत नाहीत हे पात्रांना दिसते. तेव्हा पहिल्याच वाराला "पाते खोलवर गेले, पण बाहेर येताच चीर मिटली" असे सांगायला हवे. तीन राउंड गप्प राहणे हा डीएमचा दोष आहे.

शंभर नाण्यांची तलवार

आता खरा उपाय. कोल्ड आयर्नचे शस्त्र दुप्पट किमतीला मिळते: ग्रेटसोर्ड 100 नाणी. जमिनीखाली खोलवरच्या खाणीतले हे लोखंड कमी तापमानावर घडवतात, आणि त्याची ख्याती आहे ती परी-यक्षांसारख्या फे लोकांविरुद्ध. (बाळंतिणीच्या उशाशी विळा किंवा अडकित्ता ठेवण्यामागे आपल्याकडे जी समजूत आहे, तीच युरोपातल्या लोककथांत लोखंडाबद्दल आहे.)

या शंभर नाण्यांच्या तलवारीवर क्लेरिकने दोन मंत्र टाकायचे. सकाळी ग्रेटर मॅजिक वेपन: दर चार कास्टर लेव्हलना (मंत्र टाकणाऱ्याच्या लेव्हलना) +1, पंधराव्या लेव्हलला +3, आणि टिकतो 15 तास. दालनाच्या दाराशी अलाइन वेपन: टिकतो 15 मिनिटे, म्हणून तो सकाळी टाकून उपयोग नाही. ग्रेटर मॅजिक वेपनच्या मजकुरात स्पष्ट आहे की त्याचा बोनस मॅजिकखेरीज दुसरे कोणतेही डॅमेज रिडक्शन भेदत नाही. इथे त्याची गरजही नाही. धातू कोल्ड आयर्नचा आहेच, गुडपणा दुसऱ्या मंत्राने आला, आणि +3 फक्त वार लागावा व जोराने लागावा यासाठी.

आकडे मांडू. दोन्ही तलवारींना वेपन फोकस आणि ग्रेटर वेपन फोकस या फीटचे हल्ल्याला +2 धरले आहेत, क्रिटिकल (जादा इजेचे नेमके वार) सोडून दिले आहेत.

जुनी तलवार: हल्ले +26, +21, +16. मॅरिलिथचा आर्मर क्लास 29, म्हणजे वीस बाजूंचा फासा आणि हल्ल्याचा आकडा मिळून 29 झाले की वार बसतो. एका राउंडला सरासरी 1.95 वार बसतात, प्रत्येकी 13, म्हणजे सुमारे 25. तिला लोळवायला 9 राउंड.

नवी तलवार: +27, +22, +17. सरासरी 2.1 वार, प्रत्येकी 24, म्हणजे सुमारे 50. 5 राउंड.

मॅरिलिथ अनहोली ऑरा हा रक्षक मंत्र हवा तेव्हा टाकू शकते, आणि शहाणी मॅरिलिथ लढाईआधीच टाकून बसते. मग आर्मर क्लास 33 होतो. जुन्या तलवारीने 13 राउंड, नव्याने 6. शिवाय ऑरा असताना गुड अलाइनमेंटच्या पात्राने हातघाईत वार बसवला की फोर्टिट्यूड सेव्ह (बचावाचा फासा) चुकल्यास त्याचीच स्ट्रेंग्थ 1डी6 ने घटते, म्हणजे सात जादा राउंड म्हणजे त्या घटीच्या कितीतरी जादा संधी. आणि हे सगळे होत असताना सहा तलवारी फायटरवर चालूच असतात.

21,050 ची तलवार हरली आणि 100 ची जिंकली. मंत्र वस्तूवर कायमचा चढवलेला नसल्याने कोल्ड आयर्नचा 2,000 चा अधिभार इथे लागत नाही, आणि ग्रेटर मॅजिक वेपनला शस्त्र मास्टरवर्क असण्याचीही अट नाही. मास्टरवर्कचे 300 तरी घालावेत असे आमचे मत आहे, कारण कुणी मंत्र डिस्पेल केला, म्हणजे उतरवला, तर हल्ल्याचा +1 हातात राहतो. मंत्र टिकून आहे तोवर मात्र तो +1 आणि मंत्राचा +3 एकत्र धरायचे नाहीत, मोठा तेवढा मोजायचा.

यात चार ठिकाणी माणसे हमखास अडखळतात.

दुसरे शस्त्र स्वस्त म्हणून कोल्ड आयर्नची मेस किंवा कुऱ्हाड घेतली जाते. फायटरचे फोकस आणि स्पेशलायझेशन ग्रेटसोर्डवर आहे. दुसरे काही घेतले की हल्ल्याचे 2 आणि नुकसानीचे 4 गेले. दुसरे शस्त्र त्याच जातीचे हवे.

सकाळी क्लेरिक सवयीने ग्रेटर मॅजिक वेपन "चांगल्या" तलवारीवर टाकतो. तिथे आधीच +2 आहे, बेरीज होत नाही, +3 एवढाच उरतो. चौथ्या लेव्हलच्या मंत्राने कमावला फक्त एक. तो मंत्र साध्या तलवारीवरच जास्त पिकतो.

लढाईत शस्त्र बदलायचे म्हणजे हातातले टाकणे फुकट, पण दुसरे उपसायला मूव्ह ॲक्शन (हालचालीची खेळी), आणि मग त्या राउंडला तीनऐवजी एकच वार. क्विक ड्रॉ हे फीट नसेल तर तलवार दाराबाहेरच उपसून ठेवावी.

आणि सिल्व्हरशीन. 250 नाण्यांची कुपी, शस्त्राला लावली की तासभर ते अल्केमिकल सिल्व्हर होते. सावधगिरी म्हणून कोणी ती कोल्ड आयर्नच्या तलवारीला लावतो, "दोन्ही असू दे" म्हणून. नियम म्हणतो की ती कुपी शस्त्राच्या आधीच्या खास धातूचे गुण बाजूला सारून त्यांची जागा घेते. म्हणजे पुढचा तासभर कोल्ड आयर्न गेलेच. मॅरिलिथसमोर ही चूक फार महाग पडते.

जुन्या तलवारीचे काय? ती म्यानात घालायची नाही असा एक मार्ग आहे. मॅरिलिथच्या लाँगसोर्डचा हार्डनेस 10, ॲडमंटाइन तो मोजतच नाही, आणि मोठ्या आकाराच्या त्या तलवारीचे हिट पॉइंट 10. एक वार नेमका तलवारीवर बसला की ती तुटली. सन्डरला, म्हणजे शस्त्रावरच वार करण्याला, समोरासमोर हल्ल्याचे फासे पडतात: फायटरला दोन हातांच्या शस्त्राचे +4 धरून +30, मॅरिलिथला आकाराचे +4 धरून +29. पहिल्या हल्ल्याला जवळपास निम्मी संधी. इम्प्रूव्हड सन्डर नसेल तर तिला फुकटचा वार मिळतो, म्हणून ते फीट नसताना हा बेत आम्ही सुचवणार नाही.

कायमची तलवार करायची तर

मोहीम डीमनांभोवती फिरणार असेल तर मंत्रांवर जगणे त्रासाचे होते. मग +1 होली कोल्ड आयर्न ग्रेटसोर्ड. होली म्हणजे शस्त्र गुड करणारी आणि दुष्टांना 2डी6 (दोन फासे) जादा इजा देणारी जादू, ती +2 च्या तोडीची, म्हणून एकूण +3. तलवार 100, मास्टरवर्क 300, जादूचे 18,000, आणि कोल्ड आयर्नवर जादू चढवण्याचा अधिभार 2,000. एकूण 20,400. हा अधिभार एकदाच धरावा. पुढे तीच तलवार +2 होली केली तर पुन्हा 2,000 मागणारे डीएम दिसतात, ते चूक आहे असे आमचे ठाम मत आहे, आणि पाथफाइंडरच्या नियमांत तर पहिल्या वेळीच, एकदाच, असे लिहिलेलेच आहे.

घरी बनवायची तर क्राफ्ट मॅजिक आर्म्स अँड आर्मर हे फीट, होली स्माइट हा मंत्र, आणि बनवणारा स्वतः गुड. जादूचे 20,000 धरले तर साहित्याला 10,000, एक्सपीचे, म्हणजे अनुभवाच्या अंकांचे, 800 (किमतीचा पंचविसावा भाग), आणि दर 1,000 ला एक दिवस म्हणजे 20 दिवस. तलवारीचे 400 पूर्ण भरायचे, त्यात निम्मे नाही.

फायदा? +25 पासूनचे हल्ले, 1.8 वार, प्रत्येकी 29, म्हणजे राउंडला सुमारे 52. शंभर नाण्यांच्या तलवारीला 50 होते. एवढ्या पैशांनी दोन अंक? खरी मजा नंतर आहे. हिच्यावर सकाळी ग्रेटर मॅजिक वेपन टाका: +1 च्या जागी +3 मोजला जातो, होली तशीच राहते, आणि राउंडला 65 होतात. लढाई 4 राउंडांत. म्हणूनच या तलवारीवर प्लस वाढवत बसू नये. प्लस मंत्राने मिळतो, होलीचे 2डी6 मंत्राने मिळत नाहीत. अलाइन वेपन तिच्यावर टाकून उपयोग नाही, कारण आधीच अलाइनमेंट असलेल्या शस्त्रावर तो चालत नाही.

जुन्या ॲडमंटाइन तलवारीवरची जादू नव्या तलवारीवर "हलवता" येईल का, असे विचारले जाते. मूळ नियमांत तशी सोय नाही, आणि धातू तर घडवतानाच ठरतो. ती विकून निम्मी किंमत, 10,525, येते. साहित्याचे आणि तलवारीचे मिळून 10,400 लागतात. घरात बनवणारा असेल तर सौदा बरोबर बसतो.

रेंजरचा बाण

सगळ्यात सोपी बाजू याच पार्टीत दुर्लक्षित होती. रेंजरकडे +1 होली काँपोझिट लाँगबो आहे, स्ट्रेंग्थ +4 चे, आणि भात्यात पोलादी बाण. होली बाजूला ठेवून बघा: 1डी8 अधिक 4 अधिक 1, म्हणजे 6 ते 13. त्यातून 10 वजा केले की फाशावर 1 ते 5 पडले तर शून्य, नंतर 1, 2, 3. सरासरी पाऊण अंक. होलीचे 2डी6 डॅमेज रिडक्शनमधून सुटतात का, यावर टेबले भांडतात, कारण नियमात "ऊर्जा" म्हटले आहे आणि होली ही आग-थंडीसारखी ऊर्जा म्हणून नोंदलेली नाही.

बाण बदलला की भांडणच उरत नाही. धनुष्याची जादू आणि अलाइनमेंट सुटणाऱ्या बाणाला मिळते, धातू मात्र बाणाचा स्वतःचा. धनुष्य गुड, बाण कोल्ड आयर्न: दोन्ही अटी पुऱ्या, आणि प्रत्येक बाण सरासरी 16.5. कोल्ड आयर्नचे 20 बाण 2 नाण्यांना मिळतात. धनुष्य धातूचे नसल्याने त्यावर जादू चढवताना 2,000 चा अधिभारही नाही. धनुष्य होली नसेल तर अलाइन वेपन त्यावर टाकावे, किंवा एकमेकांना टेकवून ठेवलेल्या 50 बाणांवर.

करू नये ते एकच: कोल्ड आयर्नच्या बाणांवर कायमची जादू. 50 बाणांचे 5, मास्टरवर्कचे 300, +1 चे 2,000, अधिभाराचे 2,000, एकूण 4,305. आणि लागलेला जादूचा बाण नष्ट होतो. धनुष्याचा आणि बाणाचा बोनस एकत्रही धरत नाहीत.

समोर डेव्हिल असेल तर

याच पार्टीने पुढच्या वेळी हॉर्न्ड डेव्हिलशी (डेव्हिल ही डीमनांहून वेगळी जात) गाठ घातली तर कोल्ड आयर्न कामाचे नाही. त्याची ओळ "10/गुड आणि सिल्व्हर", वर रीजनरेशन 5, म्हणजे दर राउंडला 5 अंकांची जखम भरून येते. गुड आणि चांदीच्या शस्त्राचा वार, किंवा गुड वर्णनाचा मंत्र, एवढ्यांनीच त्याला खरी इजा होते. बाकी जे आत जाते ते नॉनलीथल, जीव न घेणारे. म्हणजे इथे चुकीच्या तलवारीने वेळ तर लागतोच, पण शेवटही होत नाही.

चांदीचा खर्च मात्र कमी. हा मुलामा पोलादावर चढतो: दोन हातांच्या शस्त्राला 180 नाणी, एका हाताच्या 90, हलक्या शस्त्राला 20, एका बाणाला 2. नुकसानीत 1 घटतो. जादूवर अधिभार नाही. +1 होली चांदीची ग्रेटसोर्ड 18,530 ला होते. ॲडमंटाइन, कोल्ड आयर्न आणि मिथ्रलवर हा मुलामा बसत नाही, म्हणून "कोल्ड आयर्नवर चांदी" अशी सगळ्यांना पुरणारी तलवार मागायला लोहाराकडे जाऊ नये. दोन्ही हवेच असतील तर दोन टोकांचे शस्त्र आहे, एक टोक कोल्ड आयर्नचे आणि एक चांदीचे, पण दोन टोकांवर जादू वेगवेगळी चढवावी लागते आणि मास्टरवर्कलाही 600 लागतात.

2014 च्या पाचव्या आवृत्तीत खेळणाऱ्यांना हा हिशेब लागणार नाही. तिथे शस्त्रांच्या बाबतीत मॅरिलिथला फक्त जादू नसलेल्यांविरुद्ध रेझिस्टन्स आहे, कोणतीही जादूची तलवार चालते, आणि चांदी उरते ती वेअरवुल्फसारख्यांपुरती, तीही हातात जादूचे शस्त्र नसेल तेव्हा. 3.5 मधून पात्र तिकडे नेताना कोल्ड आयर्नची तलवार सोबत घेण्यासाठी पैसे राखून ठेवू नयेत.